पालुपदाविना बावीस गाणी

वाचकांचे प्रश्न : संगीत

गेल्या अंकात या पानावर 'मॅडव्हिलनी' या अमेरिकी हिप-हॉप अल्बमचा ओझरता उल्लेख आला होता. रॅपर एमएफ डूम आणि संगीतकार मॅडलिब या दोघांनी 'मॅडव्हिलन' या जोडनावाने केलेला हा अल्बम लॉस एंजेलिसमधील स्टोन्स थ्रो या छोट्या स्वतंत्र कंपनीने 23 मार्च 2004 रोजी प्रसिद्ध केला आणि गेली दोन दशके तो जाणकारांच्या चर्चेतून हललेला नाही. त्या उल्लेखावरून बरीच पत्रे आली. त्यांतील सहा प्रश्न एकाच अल्बमच्या सहा बाजू उलगडणारे असल्यामुळे या वेळचे संपूर्ण पान त्यांनाच दिले आहे. नेहमीच्या रीतीप्रमाणे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : नातवाच्या आग्रहाखातर हा अल्बम मी दोनदा ऐकला. गाणे जरा रंगू लागले की संपते, ध्रुवपद जवळजवळ कुठेच नाही, मधूनच जुन्या चित्रपटांतले संवाद ऐकू येतात आणि सगळ्यावर तबकडीची खरखर पसरलेली आहे. हा कच्चेपणा समजावा की मुद्दाम केलेली रचना? (एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : आपण नोंदवलेल्या चारही गोष्टी अचूक आहेत आणि चारही जाणूनबुजून ठेवलेल्या आहेत, मात्र 'रचना' या शब्दाने जेवढी आखणी सुचते तेवढी त्यांच्यामागे नव्हती. अल्बममध्ये 22 तुकडे आहेत आणि सगळे मिळून सुमारे 46 मिनिटांचे आहेत, म्हणजे एकेका तुकड्याच्या वाट्याला सरासरी दोन मिनिटांहून थोडाच अधिक वेळ येतो. त्या काळी अमेरिकी रेडिओवर वाजणाऱ्या रॅप गाण्याचा आराखडा ठरलेला असे : सोळा आवर्तनांचे कडवे, मग पालुपद, पुन्हा कडवे, पुन्हा पालुपद. श्रोत्याच्या तोंडी गाणे बसवण्याचे आणि पर्यायाने ते खपवण्याचे काम पालुपद करते. डूमने ते काम नाकारले. तो कडवे सुरू करतो, त्याला सांगायचे ते सांगतो आणि थांबतो. पुढे दुसरे वाद्य, दुसरा ठेका आणि बहुतेक वेळा दुसराच विषय असतो.

आपण कोल्हापूरचे, म्हणून एक जवळचा दाखला देतो. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी 78 फेऱ्यांच्या तबकडीवर जी गाणी दिली, ती यंत्राच्या मर्यादेमुळे साधारण तीन मिनिटांत संपतात. मैफिलीतला विस्तार तिथे शक्यच नव्हता, तरी त्या तीन मिनिटांत राग उभा राहतो आणि गाणे अर्धवट राहिल्यासारखे वाटत नाही, कारण सुरुवातीची जमवाजमव त्यांनी गाळलेली असते. खाँसाहेबांवर ही मर्यादा तबकडीने लादली होती. डूम आणि मॅडलिब यांच्यावर ती कोणी लादलेली नव्हती. त्यांनी ती आपण होऊन पत्करली, हा फरक लक्षात ठेवून ऐकले तर तुकड्यांचा तुटकपणा कमी बोचेल असे वाटते.

खरखरीचे कारण साधनांत सापडते. मॅडलिब हा मूळचा कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड गावचा. वडील सोल गायक, मामा जॅझ ट्रम्पेटवादक, आणि स्वतः जुन्या तबकड्यांचा असा शौकीन की परगावी गेला की पहिली चौकशी रद्दीच्या दुकानांची करायचा. लॉस एंजेलिसच्या माउंट वॉशिंग्टन टेकडीवर स्टोन्स थ्रोचे जे भाड्याचे घर होते, त्याच्या तळघरात शीतयुद्धाच्या काळात बांधलेले बॉम्बपासूनच्या आसऱ्याचे दालन होते आणि तेच त्याचे काम करण्याचे ठिकाण होते. 2002 मध्ये तो ब्राझीलला गेला, तिथे पेट्या भरभरून तबकड्या घेतल्या, आणि साओ पाउलोच्या हॉटेलमधील खोलीत एक फिरता तबकडीवादक, एक कॅसेट यंत्र आणि बॉसचे एसपी-303 नावाचे छोटे सॅम्पलर एवढ्या सामग्रीवर अल्बममधील काही बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारे संगीत, तयार केले. जुन्या ध्वनिमुद्रणातला तुकडा उचलून तो फिरता ठेवणारे हे यंत्र टिफिनच्या डब्याएवढे असते. त्यात मोठी सजावट करता येत नाही. जो तुकडा निवडला त्याच्यावरच सगळी मदार. मॅडलिबची खरी कारागिरी या निवडीत आहे. 'रेड' या गाण्याची सुरुवात बिल एव्हान्सच्या जॅझ पियानोने होते आणि क्षणार्धात ब्राझिली वाद्यवृंद तिची जागा घेतो. दोन्ही तबकड्यांची धूळ तशीच राहू दिलेली आहे, कारण ती पुसली असती तर दोन देशांतले आणि दोन काळांतले तुकडे एका घरचे वाटलेच नसते. 'अकॉर्डियन' या गाण्यात तर त्या वाद्याच्या एका छोट्या फिरत्या तुकड्याखेरीज आणि तालाखेरीज काहीच नाही. अकॉर्डियन आणि आपली पेटी यांची जातकुळी एकच, दोन्हींत हवेने आतल्या पात्या कंप पावतात. त्यामुळे मराठी कानाला ते गाणे पहिल्याच ऐकण्यात ओळखीचे वाटते, असा माझा अनुभव आहे. आपण पुन्हा ऐकणार असाल तर तिथूनच सुरुवात करावी.

आणखी एक गोष्ट ध्वनीच्या संदर्भात सांगितलीच पाहिजे. मॅडलिब ब्राझीलमध्ये असताना अल्बमचा कच्चा खर्डा कोणीतरी इंटरनेटवर सोडला. प्रसिद्धीला अजून 14 महिने अवकाश होता. दोघेही हिरमुसले, कामातून लक्ष काढून घेतले आणि काही काळ आपापल्या इतर अल्बमांत रमले. परत आले तेव्हा डूमने आपला आवाज नव्याने ध्वनिमुद्रित केला. खर्ड्यातला डूम चढ्या पट्टीत, आवेशाने बोलतो. प्रसिद्ध अल्बममधला डूम खालच्या पट्टीत, संथ, जेवण झाल्यावर आरामखुर्चीत बसून गोष्ट सांगणाऱ्या माणसासारखा ऐकू येतो. शब्द बहुतेक तेच राहिले आहेत. अल्बमचा सगळा रंग माझ्या मते या एका बदलाने ठरला, आणि तो बदल घडायला चोरी कारणीभूत झाली.

प्रश्न : रॅपची तुलना आपल्याकडे नेहमी पोवाड्याशी केली जाते. डूमच्या रॅपला ती लागू पडते का? (काव्यशास्त्राची एक विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : नाही, आणि ही तुलना एकूणच जरा सैल हाताने केली जाते. शाहीर समोरच्या जमावाला उद्देशून, डफाच्या कडकडाटात, उंच स्वरात गातो आणि त्याच्या मागे झीलकरी असतात. डूमच्या रॅपमध्ये जमाव नाही, आवेश नाही आणि झीलही नाही. त्याचे नाते शोधायचेच असेल तर ते मोरोपंतांच्या आर्येत आणि अमृतरायांच्या कटावात शोधावे. कटावात एकाच ध्वनीची शब्दामागून शब्द अशी जी झड लागते, आणि अर्थ तिच्या मागून धापा टाकत येतो, ती डूमच्या ओळींना फार जवळची आहे.

सामान्य रॅपर ओळीच्या शेवटच्या अक्षरावर यमक जुळवतो. डूम सलग पाचसहा अक्षरांची स्वरमाळा घेतो आणि तीच पुढच्या दोनतीन ओळींत वेगळ्या शब्दांनी पुन्हा उभी करतो, शिवाय ओळीच्या पोटातही जुळणी चालूच असते. यमकासाठी तो अर्थाला कुठेही वळवतो : खाण्याच्या पदार्थावरून पैशावर, पैशावरून जुन्या दूरदर्शन मालिकेवर. मोरोपंतांवर आपल्या टीकाकारांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता की यमकाच्या हव्यासापायी ते भाषेला पिळतात. ओठ न मिटता म्हणता येईल असे निरोष्ठ रामायण रचणारा हा कवी आणि न्यूयॉर्कचा हा रॅपर, दोघांनाही भाषेचे बंधन हा खेळ वाटतो. मात्र पंतांचा खेळ भक्तीच्या अंगणात चालतो आणि डूमचा थट्टेच्या.

तालाकडे लक्ष दिले तर आणखी एक सूक्ष्म गोष्ट दिसेल. आवर्तन संपते तिथे त्याचे वाक्य संपतेच असे नाही. ते पुढच्या आवर्तनात सांडते आणि यमक समेच्या किंचित मागे पडते. त्यामुळे तो तालात असूनही आळसावलेला वाटतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा ढिसाळपणा भासतो; कागदावर ओळी मांडून पाहिल्या की किती घट्ट विणले आहे ते कळते.

तो स्वतःचा उल्लेख सतत तृतीय पुरुषात करतो, हेही आपल्याला नवे नाही; 'तुका म्हणे' आपल्या कानांत आहेच. पण संतांची नाममुद्रा म्हणजे अभंगाखालची सही, तर डूमची नाममुद्रा म्हणजे मुखवटा. तो शब्दशः धातूचा मुखवटा घालून लोकांसमोर येत असे आणि स्वतःला खलनायक म्हणवत असे. आपले नाव रोमन लिपीत सर्व मोठ्या अक्षरांतच लिहावे, असा त्याचा एका गाण्यात हट्ट आहे. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नसल्यामुळे हा हट्ट या पानावर पुरवता येत नाही, त्याला इलाज नाही.

प्रश्न : हा अल्बम अमेरिकेच्या मुख्य विक्रीयादीत 179 व्या क्रमांकापर्यंतच पोहोचला, असे वाचले. मग त्याला यशस्वी का म्हणायचे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : क्रमांक बरोबर आहे. पण बिलबोर्डची ती यादी तेव्हा आठवड्याची विक्री मोजत असे, आणि काही पुस्तके पहिल्या आठवड्यात खपतात तर काही वीस वर्षे खपत राहतात. या अल्बमच्या सुमारे दीड लाख प्रती खपल्या. बड्या कंपनीच्या हिशेबात हा आकडा किरकोळ ठरला असता. मोजकी माणसे एका घरातून चालवत असलेल्या स्टोन्स थ्रोसाठी तो तिच्या सर्वांत खपाच्या अल्बमांपैकी एक ठरला. अल्बमचा खर्च अवाढव्य नव्हता, त्यामुळे तो वसूल व्हायला लाखोंच्या खपाची गरजही नव्हती. समीक्षकांनी पहिल्या महिन्यापासून उचलून धरले आणि 2020 मध्ये रोलिंग स्टोन नियतकालिकाने सर्वकालीन 500 अल्बमांची यादी नव्याने केली तेव्हा तिच्यात त्याला जागा मिळाली. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला डूमचे निधन झाले. कुटुंबाने ती बातमी दोन महिन्यांनी, 31 डिसेंबरला जाहीर केली.

खर्डा आधीच फुटल्यामुळे विक्रीला फटका बसला की उलट कुतूहल वाढले, यावर दोन्ही बाजूंनी बोलले जाते. मला दुसरे अधिक संभवनीय वाटते, पण ज्याचे काम चोरीला गेले त्याला हा युक्तिवाद ऐकवण्याचे धाडस मी करणार नाही.

प्रश्न : 'स्वतंत्र' अल्बम म्हणजे नेमके काय? मॅकलमोर आणि रायन लुइस या अमेरिकी रॅप जोडीच्या 'द हाइस्ट'लाही स्वतंत्र म्हणतात आणि 'मॅडव्हिलनी'लाही, पण दोहोंच्या यशात जमीनअस्मानाचा फरक आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपण दिलेली जोडी फारच उपयोगाची आहे, कारण 'स्वतंत्र' या एका शब्दाखाली निदान दोन वेगळे व्यवहार राहतात.

बड्या कंपनीशी करार करणारा कलाकार सहसा आगाऊ रक्कम घेतो आणि त्या बदल्यात मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीकडे जाते. आगाऊ रक्कम आणि करारात ठरलेला खर्च त्याच्या वाट्यातून वळता होईपर्यंत त्याच्या हाती पुढचे पैसे पडत नाहीत. 'द हाइस्ट'च्या जोडीने हा मार्ग टाळला. सिअॅटलच्या या दोघांनी 9 ऑक्टोबर 2012 रोजी अल्बम स्वतःच्याच कंपनीमार्फत काढला, वितरणासाठी वॉर्नर समूहातील एडीए या संस्थेची सेवा घेतली आणि पुढे गाणे रेडिओवर पोहोचवण्यासाठी वॉर्नरच्याच यंत्रणेची मदत घेतली. पहिल्या आठवड्यात 78 हजार प्रती खपून अल्बम यादीत दुसऱ्या क्रमांकावर आला, 2013 मध्ये 'थ्रिफ्ट शॉप' हे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले आणि 2014 मध्ये या जोडीला चार ग्रॅमी मिळाले. म्हणजे बडी कंपनी या व्यवहारात होतीच; फरक एवढाच की ती मालक म्हणून न येता मजुरी घेऊन आली. चान्स द रॅपरच्या 2016 च्या 'कलरिंग बुक'बद्दलही असेच म्हणता येईल. त्याच्यामागे कोणतीही ध्वनिमुद्रण कंपनी नव्हती, तो विकत घेण्याजोग्या स्वरूपात न येता केवळ इंटरनेटवर ऐकण्यासाठी आला आणि तसा आलेला अल्बम प्रथमच ग्रॅमीचा मानकरी ठरला; पण पहिले दोन आठवडे तो फक्त अॅपलच्या सेवेवर ठेवण्यासाठी पाच लाख डॉलर मिळाल्याचे चान्सनेच नंतर जाहीर केले.

'मॅडव्हिलनी'चे स्वातंत्र्य जुन्या घडणीचे आहे. तिथे कलाकाराची स्वतःची कंपनी नव्हती, होती ती कलाकारांच्या बाजूची एक छोटी कंपनी. स्टोन्स थ्रोचा संस्थापक पीनट बटर वुल्फ हा स्वतः डीजे. त्याचा जोडीदार रॅपर चारिझ्मा 1993 मध्ये गोळीबारात मारला गेला, आणि दोघांनी मिळून केलेली गाणी जगासमोर यावीत म्हणून त्याने 1996 मध्ये ही कंपनी काढली. डूमचा इतिहासही असाच जखमी आहे. तो आणि त्याचा भाऊ सबरॉक यांच्या केएमडी या गटाचा पहिला अल्बम 1991 मध्ये इलेक्ट्रा या बड्या कंपनीने काढला होता. 1993 मध्ये सबरॉक मोटारीखाली सापडून गेला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या अल्बमच्या मुखपृष्ठावरून वाद उठला, कंपनीने तयार अल्बम रोखून धरला आणि गटाला करारातून मोकळे केले. त्यानंतर हा माणूस काही वर्षे दृष्टीआड झाला आणि परतला तो तोंड झाकून. 1999 चा त्याचा एकट्याचा पहिला अल्बमही एका छोट्या कंपनीचाच होता.

हा इतिहास सांगण्याचे कारण ध्वनीशी निगडित आहे. 'द हाइस्ट' हा कानाला मोठ्या कंपनीच्या अल्बमसारखाच वाटतो : भव्य पालुपदे, पाहुणे गायक, ब्रास वाद्ये, सभागृह दणाणून सोडणारे ढोल. त्यांना मोठ्या बाजारात स्वतःच्या अटींवर जायचे होते आणि ते गेले. 'मॅडव्हिलनी' मोठ्या कंपनीतून निघणे मात्र मला कल्पनेतही जमत नाही. पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारले असते की यातले रेडिओवर वाजणारे गाणे कोणते, आणि त्या प्रश्नाला 22 पैकी एकाही तुकड्यापाशी उत्तर नव्हते. दोन्ही अल्बम स्वतंत्र आहेत हे खरेच. एकाचे स्वातंत्र्य हिशेबाच्या वहीत वाचता येते, दुसऱ्याचे ऐकताही येते.

प्रश्न : मॅडलिब जुने हिंदी चित्रपटसंगीतही वापरतो, असा उल्लेख आपण केला होता. माझे आजोबा मुंबईत चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत. अशा वादकांना या सॅम्पलिंगमधून काही मिळते का, की ही सरळ चोरी आहे? (एक वाचिका, म्हापसा)

उत्तर : आपल्या पत्राने हा प्रश्न टाळणे अवघड केले आहे. 'शॅडोज ऑफ टुमॉरो' या गाण्यात जॅझ संगीतकार सन रा याच्या शब्दांखाली राहुल देव बर्मन यांच्या संगीताचा तुकडा फिरतो, आणि 2007 मध्ये तर मॅडलिबने भारतीय चित्रपटसंगीतातील तुकड्यांवरच उभारलेला 'बीट कंडक्टा इन इंडिया' हा शब्दांविना बीटचा अल्बम काढला. ते संगीत ज्यांच्या बोटांतून आले त्यांत गोव्याच्या वादकांचा वाटा फार मोठा होता. पाश्चात्त्य स्वरलेखन वाचणारे, चर्चच्या शाळेत व्हायोलिन आणि ट्रम्पेट शिकलेले हे वादक मुंबईच्या स्टुडिओंचा कणा होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा आणि प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही नावे निदान जाणकारांना माहीत आहेत. मागच्या रांगेतल्या व्हायोलिनवादकाचे नाव तबकडीच्या वेष्टनावर छापण्याची पद्धतच नव्हती.

आता पैशाचे. त्या काळी वादकाला ध्वनिमुद्रणाच्या बैठकीगणिक बिदागी मिळे आणि तिथेच व्यवहार संपे. पुढे त्या तबकडीचे कोणी काहीही केले तरी हक्क असे ते संगीत कंपनीचे, आणि करारानुसार संगीतकार व गीतकारांचे. आपल्या कायद्यात 1994 मध्ये सादरकर्त्याचा हक्क आला आणि 2012 च्या दुरुस्तीने मानधनातील वाट्याची तरतूद अधिक ठाम झाली. पण आपल्या आजोबांच्या पिढीचे काम तोवर कधीच होऊन गेले होते. त्यामुळे आपल्या प्रश्नाचे उत्तर, कितीही अप्रिय असले तरी, हेच आहे की सॅम्पलिंगमधून त्यांना काही मिळण्याची वाटच नव्हती. परवानगी रीतसर काढली तरी पैसे हक्कधारकाकडे जातात, वादकाकडे नाहीत.

अमेरिकी कायदा याबाबतीत सैल होता, हा गैरसमज आहे. 1991 मध्ये रॅपर बिझ मार्की याच्याविरुद्धच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायाधीशाने 'चोरी करू नकोस' या बायबलच्या आज्ञेनेच निकालपत्राची सुरुवात केली होती, आणि 'मॅडव्हिलनी' आल्यानंतर सहा महिन्यांच्या आत, सप्टेंबर 2004 मध्ये, अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने तर तुकडा कितीही लहान असला तरी परवाना घ्यावा अन्यथा वापरू नये असे बजावले. आपल्याकडच्या संगीताचे गाजलेले प्रकरण 2002 चे आहे. ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या 'अॅडिक्टिव्ह' या गाण्यात लता मंगेशकर यांचे, 'ज्योति' चित्रपटातील 'थोडा रेशम लगता है' हे गाणे भरपूर वापरलेले होते. संगीतकार बप्पी लाहिरी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले आणि त्यांचे नाव दिल्याखेरीज अल्बम विकता येणार नाही, असा आदेश त्यांनी मिळवला. लक्षात घ्या, ती चूक बड्या कंपनीच्या छत्राखाली झालेली होती. लहान कंपनी चोरी करते आणि मोठी कायदा पाळते, अशी वाटणी प्रत्यक्षात नाही.

कलेच्या बाजूने बोलायचे तर मी सॅम्पलिंगला चोरी म्हणणार नाही. मॅडलिब ज्या चार आवर्तनांचा तुकडा निवडतो तो मूळ गाण्यात बहुधा कोणाच्या ध्यानातही राहिलेला नसतो. दोन अंतऱ्यांमधली व्हायोलिनची एखादी तान, गायिका श्वास घेते तेवढ्या वेळात वाजून गेलेली. तो ती पुढे आणतो आणि दोन मिनिटे दुसरे काही ऐकूच देत नाही. आपल्या आजोबांनी वाजवलेली एखादी जागा अशी कुठे फिरत असेल तर आज ती गायिकेच्या आवाजाशिवाय, एकटी ऐकू येते आहे. नाव मात्र तेव्हाही नव्हते आणि आताही नाही. आजोबांच्या वह्या किंवा बैठकींच्या नोंदी घरात असतील तर त्या जपून ठेवाव्यात आणि त्यांनी कोणकोणत्या गाण्यांत वाजवले ते लिहून काढावे, एवढी विनंती करतो. अशा नोंदी आपल्याकडे फार थोड्या उरल्या आहेत.

प्रश्न : मी 21 वर्षांचा आहे आणि मित्राच्या बीटवर मराठी रॅपचा अल्बम घरीच करतो आहे. 'मॅडव्हिलनी' ऐकल्यापासून सगळी पालुपदे काढून टाकावीत असे वाटते आहे. काढू का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : डूमने काढली म्हणून काढत असाल तर ठेवा. आधी प्रत्येक गाणे पालुपदाशिवाय एकदा ध्वनिमुद्रित करून पाहा. जे कडवे एकट्याने उभे राहत नाही त्याला पालुपदाचा टेकू लावूनही ते फार काळ उभे राहणार नाही, आणि जे उभे राहते त्याचे पालुपद खुशाल काढा. जुने तुकडे वापरायचे असतील तर आपल्या परिसरातले स्वतः ध्वनिमुद्रित करा : शेजारचे भजनी मंडळ, लग्नातला बँड, वारीतले टाळ, आणि ज्यांचे वाजवणे घ्याल त्यांना आधी विचारा व अल्बमवर त्यांचे नाव द्या. म्हापशाचे वरचे पत्र वाचल्यावर याचे कारण वेगळे सांगायला नको.

मित्राचा आणि तुमचा वाटा किती, हे आजच, भांडण नसताना, एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. शब्द तुमचे आणि संगीत त्याचे असेल तर दोघांनीही आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचे सभासदत्व घ्या. गाणे कुठे वाजले तर मानधनाचा हिस्सा तिच्यामार्फत येतो. आणि कच्चा खर्डा अल्बम पुरा होईपर्यंत कोणाच्याही फोनवर पाठवू नका, अगदी तारीफ करणाऱ्याच्याही.